भेसळखोर किती, बेफिकीर किती?

३५,००० आणि ८९९. दोन्ही आकडे रुपयांतले, दोन्ही एप्रिल २०२१ चे आणि दोन्ही एकाच औषधाचे. १७ एप्रिलला केंद्र सरकारने रेमडेसिव्हिरचे उतरलेले भाव जाहीर केले. सात कंपन्यांतली सर्वांत स्वस्त कुपी ८९९ रुपयांची होती, सर्वांत महाग ३,४९० ची. त्याच सुमारास बारामतीत पोलिसांनी चौघांना पकडले. रेमडेसिव्हिरच्या वापरून झालेल्या रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉलचे द्रावण भरायचे आणि ती कुपी ३५ हजारांपर्यंत विकायची, असा त्यांच्यावर आरोप होता. म्हणजे स्वस्तातल्या खऱ्या कुपीच्या ३९ पट आणि महागातल्या खऱ्या कुपीच्या दहा पट भाव, आणि आत तापाचे औषध.

अशी बातमी आली की चीड येते आणि यायलाच हवी. चिडीतून निघणारी मागणीही ठरलेली असते : फाशी द्या. ही मागणी रस्त्यावरच्या जमावापुरती नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ज्यांचे नाव झाले त्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००३ मध्ये बनावट औषधांसाठी मृत्युदंडाची शिफारस केली होती. २००८ च्या कायदादुरुस्तीत शिक्षा फाशीपर्यंत गेली नाही. मात्र जिवावर बेतणाऱ्या बनावट औषधासाठी किमान १० वर्षे ते जन्मठेप आणि किमान १० लाखांचा दंड कायद्यात आला. औषधाची किंमत मोठी असेल तर दंड तिच्या तिप्पट.

शिक्षा वाढली. आता मोजणी पाहू. २००९ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी देशभरातून औषधांचे २४,१३६ नमुने गोळा केले. त्यात बनावट निघाले ११, म्हणजे ०.०४६ टक्के. २०१४ ते १६ या काळात आणखी मोठी पाहणी झाली, सुमारे ४७ हजार नमुन्यांची. बनावटीचे प्रमाण आणखी खाली, ०.०२४५ टक्के. पण याच पाहणीत दुसरा एक आकडा होता, ज्याच्यावर अग्रलेख फारसे लिहिले जात नाहीत : दर्जाहीन औषधे ३.१६ टक्के. म्हणजे परवाना असलेल्या कारखान्यातून आलेली, पक्क्या बिलावर विकली गेलेली, पण गुणवत्तेच्या कसोटीला न उतरलेली औषधे. बनावटीच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे १२९ पट आहे.

या पाहण्या दुकानांतून आणि सरकारी भांडारांतून नमुने उचलतात. रुग्णाच्या नातेवाइकाला फोनवरून गाठून हातोहात दिलेली कुपी त्यांच्या जाळ्यात येणार नाही. म्हणून ०.०२४५ हा आकडा थोडा वाढवून धरला तरी हरकत नाही. दहापट धरा. तरीही चोरापेक्षा बेफिकीर बारा-तेरा पटीने जास्तच भरतो.

हे ओळखणारे सुधारक महाराष्ट्रात होते, आणि त्यांना ते शिकवले एका रुग्णालयातल्या १४ मृत्यूंनी. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल देण्यात आले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. हे गाड्यांच्या कूलंटमध्ये आणि कारखान्यांत वापरायचे रसायन, जे मूत्रपिंड निकामी करते. चौदा जण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीच्या निविदेपासून अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारापर्यंत सगळी साखळी उघडी केली, आणि १९८८ मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. लेंटिन यांनी कोणी एक खलनायक शोधून काढला असता तर काम सोपे होते. त्यांनी दाखवली ती रांग, जिच्यातल्या प्रत्येकाला वाटत होते की तपासणी पुढच्याने केली असेल.

हे विष नवीन नव्हते. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधात हेच रसायन द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभरावर लोक मेले. पुढच्याच वर्षी तिथे औषध बाजारात आणण्याआधी सुरक्षितता दाखवण्याची सक्ती झाली. आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती १९३०-३१ मध्येच औषधांवर नियंत्रण हवे असे सांगून बसली होती. कायदा आला १९४० मध्ये. पण कायदा वाचून रसायन थांबत नाही. १९९८ मध्ये गुडगावात ३३ बालके दगावली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने किमान वीस मुलांचा जीव घेतला. त्यांतल्या अनेकांवर उपचार नागपुरात चालले होते. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मर्यादा ०.१ टक्का. मर्यादेच्या ४८६ पट असलेली गोष्ट ओळखायला फार सूक्ष्म यंत्र लागत नाही. कच्चा माल वापरण्याआधी कोणीतरी तो तपासायचा असतो, एवढेच लागते.

जे. जे. प्रकरणाच्या काळातले दुसरे एक काम याहून कमी नाट्यमय, म्हणून कमी आठवणीतले. १९७५ मध्ये जयसुखलाल हाथी समितीने ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली. एवढ्या औषधांत देशातली बहुतेक दुखणी भागतात, मग बाजारात हजारो मिश्रणे कशाला, हा त्या यादीचा रोख होता. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने हा प्रश्न उचलला, पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि त्यांचे सहकारी देशपातळीवर ऑल इंडिया ड्रग अॅक्शन नेटवर्कशी जोडले गेले. गर्भधारणा आहे की नाही हे पाहण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ईस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जादा मात्रेच्या गोळ्यांविरुद्ध महिला संघटनांसह त्यांनी काही वर्षे मोहीम चालवली. १९८८ मध्ये बंदी आली. या गोळ्या बनावट नव्हत्या, भेसळीच्याही नव्हत्या. परवान्याच्या होत्या आणि तरी नको होत्या. ही बाब लोकांना समजावून सांगणे चोर पकडण्यापेक्षा कितीतरी अवघड. त्यानंतर २८ वर्षांनी, १० मार्च २०१६ ला, केंद्राने ३४४ निरर्थक मिश्रणांवर बंदी घातली. त्या निर्णयामागच्या समितीचे अध्यक्ष होते बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. चंद्रकांत कोकाटे. कंपन्या न्यायालयात गेल्या, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवरची बंदी पुन्हा जाहीर झाली. इतक्या भांडणानंतरही यादीतली बहुतेक मिश्रणे बंदीतच राहिली, यावरून मूळ काम किती पक्के होते ते कळते.

अन्नाकडे वळू, कारण बारामती आणि शेजारच्या इंदापूर तालुक्याचा खरा पसारा, दुधाचा आणि द्राक्षांचा, तिथे आहे. पण त्याआधी एक जुना आकडा : ५ टक्के. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती होती. चवीसाठी नव्हे. तिळाच्या तेलावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखरेची क्रिया झाली की लालसर रंग येतो. साजूक तुपात कोणी डालडा मिसळला तर तिळाचे तेल चुगली करणार, अशी ती योजना. भेसळ रोखण्याचा इतका हुशार नियम मला दुसरा माहीत नाही : पुरावा मालातच पेरून ठेवायचा आणि तपासणी चिमूटभर साखरेवर आणायची.

तपासणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणायची, ही दिशा महाराष्ट्रातल्या ग्राहक चळवळीने पुढे धरली. १९६६ मध्ये मुंबईत लीला जोग यांच्यासह नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासून निकाल छापायला सुरुवात केली. १९७२ नंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या महागाईसाठी, पण रेशनच्या धान्यातले खडे आणि तेलाचा कस हेही त्याच बायकांच्या तक्रारीत होते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकांसाठी वेगळा कायदा हवा, ही मागणी या मंडळींनी सतत लावून धरली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याचीच आठवण म्हणून आपण २४ डिसेंबरला ग्राहक दिन पाळतो.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली, तिची मात्र आठवण कोणी काढत नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आणि औषध कायदा, दोन्हींत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला नमुना सरकारी विश्लेषकाकडे पाठवण्याचा अधिकार मिळाला. औषधांसाठी तो कलम २६ मध्ये आहे. अन्नासाठी आज २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४० आहे : कोणीही खरेदीदार शुल्क भरून पदार्थ तपासून घेऊ शकतो आणि पदार्थ सदोष निघाला तर शुल्क परत मिळते. ग्राहक न्यायालयात दावा लावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कलम ४० वापरलेला माणूस तुमच्या ओळखीत आहे का, विचारून पाहा.

आता दूध. २०११ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून १,७९१ नमुने घेतले आणि १,२२६, म्हणजे ६८.४ टक्के, मानकात बसले नाहीत. महाराष्ट्राचा आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास होता. शेजारच्या गोव्याचे सगळे नमुने उत्तीर्ण. निकाल बाहेर येताच देशभर मथळा एकच : ६८ टक्के दूध भेसळीचे. २०१८ मध्ये पुन्हा पाहणी झाली, या वेळी ६,४३२ नमुन्यांची, आणि प्राधिकरणाने सांगितले की ९३ टक्के दूध सुरक्षित आहे. सात वर्षांत एवढे पुण्य कुठून आले?

आले नाही. मोजपट्टी बदलली. २०११ च्या १,२२६ नापास नमुन्यांपैकी ५७४ फॅट किंवा एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) कमी असल्याने नापास होते, म्हणजे बहुतेक पाण्याची करामत. डिटर्जंट सापडलेले १०३. २०१८ मध्ये ‘सुरक्षित’ आणि ‘दर्जेदार’ हे प्रश्न वेगळे काढले. दर्जाच्या प्रश्नात ४१ टक्के नमुने तेव्हाही नापासच होते. तुलना करायची तर ६८ ची ४१ शी करावी, ७ शी नव्हे. खरी सुधारणा दिसते ती डिटर्जंटमध्ये : १,७९१ मध्ये १०३ वरून ६,४३२ मध्ये ३ वर.

त्या सात टक्क्यांची फोड मात्र प्रत्येक दूध उत्पादकाने पाहावी. असुरक्षित नमुने एकूण साडेचारशेच्या आसपास. त्यांत युरिया, हायड्रोजन पेरॉक्साइड, डिटर्जंट अशी घातक भेसळ असलेले फक्त १२, आणि त्या बारांत महाराष्ट्राचा एकही नाही. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर असलेले ७७. आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीतून येणारे विष मर्यादेबाहेर असलेले ३६८. म्हणजे असुरक्षित दुधाचे पाचांतले चार हिस्से कोणी मुद्दाम काही मिसळल्यामुळे नव्हते. ते गोठ्यातल्या बुरशी आलेल्या पेंडेतून आले होते.

बारा नमुन्यांवर फार विसंबू नये याचे एक कारण साधे भागाकाराचे आहे. ही पाहणी ५० हजारांवर लोकसंख्येच्या १,१०३ शहरांत झाली. ६,४३२ भागिले १,१०३, म्हणजे एका शहरामागे सरासरी सहासुद्धा नमुने नाहीत. बारामती शहराची २०११ ची लोकसंख्या ५४ हजारांवर, म्हणजे उंबरठ्याच्या जेमतेम आत. इंदापूर शहर बाहेर. दोन्ही तालुके मिळून आठ लाखांवर लोक, त्यांतले बहुसंख्य खेड्यांत. आणि दूध तर खेड्यांतच निघते, तिथल्याच संकलन केंद्रावर ओतले जाते, मग सोनाई, श्रायबर डायनॅमिक्स यांसारख्या खासगी डेअऱ्यांच्या किंवा सहकारी संघांच्या टाक्यांकडे जाते. ज्या टप्प्यावर गोष्ट घडते तो टप्पा या देशव्यापी पाहणीत नाहीच.

म्हणून हिशेब आपणच मांडू. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका किंवा गोळी पेंड ओलसर गोदामात राहिली की बुरशी अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. गाईने ते खाल्ले की साधारण १ ते ३ टक्के भाग एम-१ च्या रूपात दुधात उतरतो. उकळून तो जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे पशुखाद्यात बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे आणि दुधात एम-१ ची ०.५. समजा १५ लिटर देणारी संकरित गाय रोज ७ किलो खुराक खाते. खुराक मर्यादेवर असेल तर पोटात १४० मायक्रोग्रॅम. २ टक्के धरले तर दुधात २.८, लिटरमागे ०.१९. पास. खुराकात २० ऐवजी ६० असेल तर लिटरमागे ०.५६. नापास. पावसाळ्यात पोते भिंतीला टेकून जमिनीवर ठेवले, एवढ्याने हा फरक पडू शकतो.

युरोपात दुधाची मर्यादा ०.०५ आहे, आपल्या मर्यादेचा दहावा हिस्सा, आणि दुभत्या जनावरांच्या खाद्याची मर्यादा ५. वरच्याच गाईला ५ चा खुराक घातला तर लिटरमागे ०.०४७ येते, म्हणजे बरोबर आत. तिथे खाद्याची मर्यादा दुधाच्या मर्यादेकडून उलटी मोजत आणलेली दिसते. आपल्या २० च्या खुराकाने तयार झालेले, इथे पास झालेले दूध तिथे जवळजवळ चौपटीने नापास होईल.

प्रतिजैविकांचा हिशेब आणखी रोकडा आहे. गाईला दगडी झाली, सडात औषध सोडले, तर लेबलवर लिहिलेले दिवस तिचे दूध डेअरीला घालायचे नसते. चार दिवस, १५ लिटर, ३० रुपये भाव धरला तर १,८०० रुपये बुडतात आणि डॉक्टरचे बिल वेगळे. तरी कोणी घातले तर शेजारणीच्या चार गाईंच्या दुधात ते मिसळून जाते, टाकीत तर पुरतेच हरवते. हा शेतकरी गुन्हेगार आहे असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण टाकी शेकडो घरांची असते, आणि तोट्याचे १,८०० रुपये एकट्याने सोसायचे असतात. ते वाटून घेण्याची सोय संघांनी केली तर सल्ल्यापेक्षा जास्त काम होईल.

हे जमणार नाही असे म्हणावे तर याच तालुक्यांतली द्राक्षे पाहावीत. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांमुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडली. २००३-०४ पासून अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने अंश-नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला : बागेची नोंदणी, फवारणीची वही, तोडणीआधी प्लॉटमधून नमुना, आणि पुण्याच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा. जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे युरोपची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटींत एक भाग. २०१० मध्ये पुन्हा दणका बसला. या वेळी कारण होते लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलीची वाढ आवरायला शेतकरी पिढीभर जे वापरत होते ते यादीत धरलेच नव्हते. कंटेनर अडकले, रसायन यादीत आले, बागाईतदार शिकले. इंदापूरच्या बोरीसारख्या गावातला बागाईतदार आज पीएचआय म्हणजे फवारणी ते तोडणी यांतले दिवस बोटांवर मोजून सांगेल. त्याच बागेतला निर्यातीतून उरलेला माल बारामतीच्या बाजारात येतो तेव्हा मात्र प्लॉटचा अहवाल विचारणारे कोणी नसते. तिकडच्या खरेदीदाराने मागितला म्हणून आकडा तयार झाला. इकडच्याने मागितला नाही.

दुधात आकडा मागण्याची सवय उत्पादकांना आहेच, फक्त वेगळ्या कारणासाठी. डॉ. अजित नवले यांच्यासारखे शेतकरी नेते आणि दूध उत्पादकांच्या संघर्ष समित्या मिल्कोमीटर आणि वजनकाट्यांची सरकारी तपासणी व्हावी म्हणून आंदोलने करतात. फॅटचा एखादा पॉइंट खाली दाखवला की पैसे कापले जातात, त्यामुळे ही मागणी पोटाची आहे आणि रास्त आहे. पण मिल्कोमीटरवर भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवर. चांगली, कोरडी पेंड महाग पडते. ती घालणाऱ्याचे आणि बुरशीची घालणाऱ्याचे दूध फॅटला सारखेच लागू शकते आणि दोघांना दर दहा दिवसांनी सारखेच बिल मिळते. अफ्लाटॉक्सिनची झटपट पट्टी मोठ्या प्रकल्पांच्या दारात वापरली जाते, पण तिथे टँकर येतो, गाय नव्हे. टँकर परत गेला तरी कोणाच्या गोठ्यातली पेंड बिघडली ते कळत नाही. गावच्या केंद्रावरच्या दरपत्रकात त्या तिसऱ्या आकड्याला अजून रकाना नाही.